उडती स्मारकं

स्पिटफायरचं इंजिन एकदा सुरू झालं की वैमानिकाला घाई करावी लागते. हे विमान आकाशासाठी घडवलेलं. जमिनीवर ते फार वेळ तग धरत नाही. इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर पंखाखाली बसवलेला, त्याच्यापुढे चाकाचा दांडा आलेला, आणि प्रॉपेलरचा झोत तिथवर धड पोहोचत नाही. विमान उभं राहिलं की तापमानाचा काटा चढत जातो. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ डक्सफर्ड इथे होणाऱ्या हवाई कार्यक्रमांत म्हणूनच सगळं आधी ठरलेलं असतं: कोण कोणाच्या मागून निघणार, कोणी कुठे वळायचं, कोणी किती वेळ थांबायचं. नाक इतकं लांब आणि उंच की वैमानिकाला समोरची वाट दिसत नाही. तो विमान नागमोडी चालवतो. एकदा डावीकडून डोकावतो, एकदा उजवीकडून. चाकं एकमेकांच्या इतकी जवळ की गवतातल्या प्रत्येक उंचवट्याला दोन्ही पंख डुलतात. पाहणाऱ्याला वाटतं, हे आता कलंडणार. मग ते धावू लागतं, शेपटी उचलली जाते, चाकं गवत सोडतात, आणि क्षणभरापूर्वीचा तो अवघडलेपणा कुठल्या कुठे जातो.

त्याआधीचे काही क्षण मला उड्डाणाइतकेच महत्त्वाचे वाटतात. विमानाशेजारी एक मेकॅनिक आगीचा बंब घेऊन उभा राहतो. कॉकपिटमध्ये वैमानिक हातपंपाने इंजिनात पेट्रोल ढकलतो. प्रॉपेलर अडखळत एक-दोन फेरे घेतो. बारांपैकी एखादा सिलिंडर पेटतो, एखादा नाही. धुराड्यांच्या आखूड नळ्यांतून निळसर पांढरा लोट निघतो, कधी त्यात हातभर ज्वाळाही दिसते. मेकॅनिक तिच्याकडे शांतपणे बघत असतो. मग बाराही सिलिंडर पेटतात आणि तो आवाज येतो. जळक्या तेलाचा वास दोरीपलीकडच्या गर्दीपर्यंत पोहोचतो. गप्पा थांबतात. हातातले सँडविच हातातच राहतात.

हा आवाज रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाचा. २७ लिटरचं, बारा सिलिंडरचं हे इंजिन स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांत होतं, लँकास्टर या बॉम्बफेकी विमानात तर चार-चार होती. ब्रिटनच्या दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणीला एखादा आवाज असेल तर तो हाच. तो ऐकायला माणसं पहाटे घर सोडून येतात, घडीच्या खुर्च्या मांडतात, थर्मासमधला चहा पितात आणि दिवसभर माना वर करून बसतात. कॅमेरेवाल्यांचं वेगळंच चाललेलं असतं. जेट विमानांचे फोटो काढायला कॅमेऱ्याचा वेग वाढवावा लागतो. इथे तो मुद्दाम कमी ठेवतात. प्रॉपेलर फिरताना दिसला पाहिजे. पाती थिजल्यासारखी आली तर विमान आकाशात टांगून ठेवल्यासारखं दिसतं, आणि असा फोटो इथला कोणीही जाणकार बाद करतो.

डक्सफर्डला हे सगळं शोभून दिसतं, कारण ती जागा खरी आहे. स्पिटफायर पहिल्यांदा लष्करी सेवेत आलं ते इथेच, ऑगस्ट १९३८ मध्ये, रॉयल एअर फोर्सच्या १९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन हवाई दल ब्रिटनवर तुटून पडलं तेव्हा डग्लस बेडर हा दोन्ही पाय गमावलेला वैमानिक इथून अनेक स्क्वाड्रन्सचा मोठा ताफा घेऊन लंडनकडे निघत असे. एवढा ताफा हवेत जमवण्यात मोलाची मिनिटं वाया जातात का, यावर तेव्हाच्या सेनाधिकाऱ्यांत कडाक्याचे वाद झाले. अभ्यासकांत ते आजही होतात. इथले बरेच हँगर पहिल्या महायुद्धाच्या काळातले आहेत. त्यांतला एक कमी आहे. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या १९६९ मध्ये पडद्यावर आलेल्या चित्रपटासाठी तो चित्रीकरणात खरोखरच उडवून दिला. आज इम्पीरियल वॉर म्युझियमच्या ताब्यात असलेला हा तळ त्या काळी कोणालाच जपण्याजोगा वाटत नव्हता. गंमत म्हणजे, त्याच चित्रपटाने जुनी विमानं पुन्हा उडवण्याच्या चळवळीला बळ दिलं. चित्रीकरणासाठी विमानं गोळा केली, दुरुस्त केली, आणि चित्रपट संपल्यावर ती हौशी माणसांच्या हाती राहिली.

त्या गर्दीत मराठी कानावर आलं. इंग्लंडात स्थायिक झालेल्या मुलाकडे आलेले एक आजोबा आणि त्यांची नात.

‘‘आबा, यातलं जर्मन विमान कोणतं?’’

‘‘ते बघ, पिवळ्या नाकाचं. मेसरश्मिट.’’

आबांचं बरोबरही होतं आणि त्यात एक मेखही होती. डक्सफर्डला दिसणारी बरीचशी ‘मेसरश्मिट’ ही मुळात स्पेनमध्ये बांधलेली बुचोन जातीची विमानं आहेत. स्पेनने जर्मन विमानाचा सांगाडा परवान्याने घेतला, पण जर्मन इंजिनं मिळेनात; शेवटी त्यांनी मर्लिन बसवलं. म्हणजे आकाशात स्पिटफायरच्या मागे लागलेला हा शत्रू त्याच ब्रिटिश इंजिनाच्या बळावर उडत असतो. मला हा तपशील फार आवडतो. स्मरणाच्या कार्यक्रमांत आपला-परका असा भेद फार ठळक केला जातो. इथे डोळे मिटून ऐकलं तर तो करताच येत नाही.

१० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळात ब्रिटनच्या आकाशात ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ ही लढाई झाली. तिच्यात उतरलेल्या सुमारे ३,००० वैमानिक-सैनिकांपैकी ५४४ जण त्या काही महिन्यांतच मारले गेले. उरलेल्यांपैकी शेवटचे, जॉन हेमिंग्वे, १७ मार्च २०२५ रोजी वयाच्या १०५ व्या वर्षी वारले. ही तारीख मी मुद्दाम लिहितो आहे. पूर्वी डक्सफर्डच्या कार्यक्रमांत असे वृद्ध वैमानिक येत, लोक त्यांच्याभोवती जमत, आणि डोक्यावरून जाणाऱ्या विमानाकडे बोट दाखवून ते सांगत, की वळताना हे कसं थरथरायचं. आता सांगणारं कोणी नाही. माणसं गेली, यंत्रं राहिली.

ब्रिटिश हवाई दलाला हे फार आधी जाणवलं होतं, असं नाही. १९५७ मध्ये केंटमधल्या बिगिन हिल या तळावर विंग कमांडर पीटर थॉम्पसन यांनी एक हरिकेन आणि तीन स्पिटफायर जमवून ऐतिहासिक विमानांची एक छोटी तुकडी उभी केली. ही स्पिटफायर तोवर हवामानाच्या नोंदी घेण्याच्या कामावर होती, आणि त्यांची निवृत्ती ठरलेली होती. पैसा नव्हता, सुटे भाग नव्हते. १९५९ च्या सप्टेंबरमध्ये लंडनवरून मानवंदना देऊन परतणाऱ्या स्पिटफायरचं इंजिन बंद पडलं आणि वैमानिकाने ते ब्रॉमलीतल्या एका क्रिकेटच्या मैदानावर उतरवलं. खेळाडू चहाला गेले होते म्हणून कोणाला इजा झाली नाही. त्यानंतर एक इंजिनाच्या विमानांना लंडनच्या संचलनातून बराच काळ वगळलं गेलं. पण तुकडी टिकली. आज ती ‘बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट’ म्हणून ओळखली जाते, १९७६ पासून लिंकनशायरमधल्या कनिंग्सबी तळावर आहे, आणि तिच्याकडचं पी-७३५० हे स्पिटफायर १९४० च्या त्या लढाईत प्रत्यक्ष लढलेलं आहे. लढाई पाहिलेलं आणि आजही उडणारं असं दुसरं नाव मिळायला फार शोधावं लागतं.

ही तुकडी कसरती करत नाही. वैमानिकांना वेगाची, वळणाची, पंखांवर पडणाऱ्या भाराची मर्यादा घालून दिलेली असते. धातूचं वय वाढलेलं असतं, आणि प्रत्येक तास हिशेबाने खर्च करायचा असतो. हिवाळाभर विमानं उघडून तपासली जातात. वैमानिक तर हवाई दलाचे नोकरीतले अधिकारी. त्यांतले काही आठवड्याभरात टायफूनसारखं अद्ययावत जेट उडवतात आणि सुट्टीच्या दिवशी हरिकेनच्या कॉकपिटमध्ये शिरतात. त्यांना सगळं नव्याने शिकावं लागतं. आधी चिपमंक हे शिकाऊ विमान, मग हरिकेन, मगच स्पिटफायर. शेपटीखाली चाक असलेलं विमान उतरवणं ही वेगळी विद्या आहे. आणि आणखी एक खाच: मर्लिनचा प्रॉपेलर एका दिशेने फिरतो, तर पुढच्या काळातल्या स्पिटफायरमधल्या ग्रिफन इंजिनाचा उलट दिशेने. म्हणजे धाव घेताना एक विमान डावीकडे ओढतं आणि त्याचंच धाकटं भावंड उजवीकडे. कोणत्या विमानात बसलोय हे पायाला आठवलं नाही तर धावपट्टी सुटते.

लँकास्टरची गोष्ट निराळी, आणि जड.

युद्धात ७,३७७ लँकास्टर बांधली गेली. आज उडण्याच्या स्थितीत जगात दोनच आहेत: कनिंग्सबीचं पीए-४७४ आणि कॅनडातल्या हॅमिल्टनचं. २०१४ मध्ये कॅनडाचं विमान अटलांटिक ओलांडून आलं आणि त्या उन्हाळ्यात ही दोन्ही एकत्र उडाली. आठ मर्लिन एकाच वेळी. लोक शेताच्या बांधांवर, पुलांवर, गाड्यांच्या टपांवर उभे होते. उलट १६ मे २०१८ रोजी, जर्मनीतली धरणं फोडणाऱ्या प्रसिद्ध हल्ल्याच्या ७५ व्या स्मृतिदिनी, डर्बीशायरमधल्या डरवेंट धरणावरून लँकास्टर जायचं होतं. त्या धरणावर १९४३ मध्ये सराव झाला होता. पण आडव्या वाऱ्याचा जोर जास्त होता, आणि उड्डाण रद्द झालं. धरणावरून त्याऐवजी टायफून गेलं. मोठी तारीख, जमलेली माणसं, दूरदर्शनचे कॅमेरे, यांतल्या कशालाही वाऱ्यापुढे किंमत दिली नाही. अशी शिस्त पाळणाऱ्या माणसांबद्दल मला आदर वाटतो.

त्या मूळ हल्ल्यात १९ विमानं आणि १३३ माणसं गेली होती. ५३ जण मेले. जमिनीवर, फुटलेल्या धरणांच्या लोंढ्यात, सुमारे १,३०० माणसं बुडाली, आणि त्यांत सक्तीने मजुरीला आणलेल्या परदेशी स्त्री-पुरुषांची संख्या मोठी होती. लँकास्टर डोक्यावरून जातं तेव्हा त्याच्या पोटाचे दरवाजे खालून नीट दिसतात. त्या दरवाजांतून हॅम्बुर्गवर आग बरसली. ड्रेस्डेनमध्ये फेब्रुवारी १९४५ मध्ये सुमारे २५,००० माणसं मारली गेली. आणि हे विमान उडवणाऱ्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ तरुण परत आले नाहीत. कमांडमधल्या साधारण सव्वा लाख वैमानिक-सैनिकांतला हा आकडा आहे. ब्रिटनलाही हा हिशेब जुळवता आला नाही. लंडनमध्ये या माणसांचं स्मारक २०१२ साली उभं राहिलं, तेव्हा याच पीए-४७४ ने वरून पॉपीच्या फुलांचा पाऊस पाडला. लिंकन शहराबाहेर २०१८ मध्ये उघडलेल्या केंद्रात मृतांच्या नावांमधोमध एक पोलादी मनोरा आहे, उंची ३१.०९ मीटर. लँकास्टरच्या पंखांची लांबी तेवढीच. तिथल्या संग्रहात ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्या नागरिकांच्या आठवणीही नोंदवून ठेवलेल्या आहेत. हे मला योग्य वाटतं. ज्या कार्यक्रमात फक्त शौर्य सांगितलं जातं, तिथून मी अस्वस्थ होऊन परततो. निवेदकाने खालच्या माणसांचा एका वाक्यात उल्लेख केला तरी उड्डाणाला वजन येतं.

आता अवघड प्रश्न. ही विमानं उडवावीत का?

विरोधातला युक्तिवाद कच्चा नाही. जुलै १९९६ मध्ये ब्रिटनमधलं उडणारं शेवटचं मॉस्किटो मँचेस्टरजवळ कार्यक्रमातच कोसळलं. दोघे गेले, आणि लाकडी बांधणीचं ते विलक्षण विमानही गेलं. ऑगस्ट २०१५ मध्ये शोरहॅम इथे हंटर जातीचं जेट रस्त्यावर पडलं आणि ११ जण मेले. ते तिकीट काढून आलेले प्रेक्षकही नव्हते. रस्त्यावरून जाणारी माणसं होती. त्यानंतर ब्रिटनमधले नियम फार कडक झाले. अमेरिकेत २०१९ मध्ये बी-१७ विमान पडून सात जण गेले. २०२२ मध्ये डॅलसला माजी सैनिकांच्या स्मरणदिनाच्या कार्यक्रमात दोन विमानं हवेत धडकली, सहा जण गेले. आणि मे २०२४ मध्ये खुद्द मेमोरियल फ्लाइटचं स्पिटफायर कनिंग्सबीजवळच्या शेतात कोसळून हवाई दलाचा नोकरीतला वैमानिक मरण पावला. आपल्याकडेही हे घडलेलं आहे. ब्रह्मदेशच्या आघाडीवर आणि नंतर युरोपात नाव कमावलेले करुण कृष्ण मजुमदार, भारतीय हवाई दलाचे त्या युद्धातले सर्वांत गाजलेले वैमानिक, शत्रूच्या गोळीने मेले नाहीत. फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोरला हरिकेन घेऊन हवाई प्रदर्शनाच्या कसरती करताना ते गेले.

तरीही माझं मत उडवण्याच्या बाजूचं आहे, आणि त्याचं कारण भावनेपेक्षा विद्येत आहे. संग्रहालयात उभ्या केलेल्या विमानाला वर्षानुवर्षं फक्त धूळ पुसणारा माणूस लागतो. उडणाऱ्या विमानाला रिव्हेट ठोकणारा, कापड ताणून शिवणारा, कार्ब्युरेटर जुळवणारा, लाकूड वाकवणारा असा माणसांचा अख्खा ताफा लागतो, आणि त्यांच्याकडून शिकणारी तरुण मुलंही. विमान जमिनीवर ठेवा. वीस वर्षांनी ते कसं चालायचं हे सांगणारा कोणी उरणार नाही.

डक्सफर्डचं ब्लेनहाइम हे युद्धकाळातलं बॉम्बफेकी विमान याचं उत्तम उदाहरण. १९८७ मध्ये बारा वर्षांच्या मेहनतीनंतर ते उडालं आणि महिन्याभरात कोसळलं. त्याच माणसांनी दुसरं बांधलं. ते १९९३ मध्ये उडालं, २००३ मध्ये उतरताना मोडलं. मग तिसऱ्यांदा सुरुवात, आणि २०१४ मध्ये पुन्हा आकाशात. या खेपेला त्याला जे जुन्या धाटणीचं नाक लावलं, ते युद्धानंतर एका कारागिराने मोटारगाडीत बदललं होतं. ब्लेनहाइमच्या नाकाची ती विजेवर चालणारी गाडी रस्त्यावर फिरत असे. कोणीतरी ती भंगारात घातली नाही, म्हणून विमानाला चेहरा मिळाला.

या विमानांच्या कहाणीत बायकांचा वाटा मोठा आहे आणि तो आता कुठे नीट सांगितला जाऊ लागला आहे. सुरुवातीच्या मर्लिनमध्ये एक जीवघेणा दोष होता: विमान एकदम खाली मुसंडी मारू लागलं की इंजिन गुदमरायचं, कारण कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा लोंढा यायचा. जर्मन वैमानिक नेमकं तेच करून निसटायचे. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या अभियंता बिॲट्रिस शिलिंग यांनी १९४१ च्या सुरुवातीला पेट्रोलच्या वाटेत बसवायची भोक पाडलेली एक छोटी चकती सुचवली, आणि ती बसवायला त्या स्वतः तळांवर हिंडल्या. विमानं कारखान्यातून तळावर पोहोचवणाऱ्या सहायक दलात १६८ स्त्री वैमानिक होत्या. त्यांतल्या मेरी एलिस यांनी एकट्याने सुमारे ४०० स्पिटफायर हाताळली. २०१८ मध्ये १०१ व्या वर्षी त्या वारल्या. आणि कॅरोलिन ग्रेस. त्यांच्या नवऱ्याने, निक यांनी, एमएल-४०७ हे स्पिटफायर मोडक्या अवस्थेतून उभं करून १९८५ मध्ये उडवलं. हे विमान नॉर्मंडीच्या चढाईच्या दिवशी लढलेलं. तीन वर्षांनी निक मोटार अपघातात गेले. पदरी लहान मुलं. विमान विकून मोकळं होणं सोपं होतं. कॅरोलिन यांनी ते उडवायला शिकायचं ठरवलं, १९९० मध्ये एकट्याने उड्डाण केलं, आणि पुढे कितीतरी वर्षं डक्सफर्डच्या आकाशात त्या दिसत राहिल्या. २०२२ च्या अखेरीस त्यांचाही रस्त्यावरच्या अपघातात अंत झाला. एमएल-४०७ आजही शाबूत आहे.

डक्सफर्डच्या रांगेत एक स्पिटफायर भारतीय वाचकाने थांबून पाहावं असं आहे. एमव्ही-२९३, ग्रिफन इंजिनाचं, भारतीय हवाई दलातून गेलेलं. युद्धानंतर आपल्याकडे स्पिटफायर पुष्कळ होती. १९४७ मध्ये काश्मीरच्या लढाईत ती श्रीनगरहून उडाली. त्या मोहिमेतल्या कामगिरीसाठी महावीरचक्र मिळालेले हृषीकेश मुळगावकर मुंबईचे. पुढे ते हवाई दलप्रमुख झाले आणि २०१५ मध्ये पुण्यात वारले. जेट आली, तशी स्पिटफायर बाजूला पडली. काही प्रशिक्षण शाळांत, काही तळांच्या कोपऱ्यांत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांतली अनेक एका ब्रिटिश संग्राहकाच्या खटपटीतून इंग्लंडला गेली. आज जगात उडणाऱ्या स्पिटफायरपैकी काहींची कुंडली काढली तर भारतातला मुक्काम निघतो. आपल्याला ती भंगार वाटली, त्यांना ठेवा. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी ती उडवली.

लिबरेटरची कथा याहून रोमहर्षक आहे, आणि तिचा एक धागा पुण्यात आहे. युद्ध संपल्यावर कानपूरच्या तळावर चार इंजिनांची ही अमेरिकी बॉम्बफेकी विमानं मोठ्या संख्येने पडून होती. अमेरिकेशी झालेल्या करारानुसार ती कोणाच्या कामाला येऊ नयेत, म्हणून ब्रिटिशांनी जाताना ती मोडून ठेवली. १९४८ मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या ढिगाऱ्यातून जुळवाजुळव करून एकेक विमान उभं केलं. जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने जेमतेम डागडुजी केलेली ती विमानं कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. अशी चाळीसच्या आसपास. यांतूनच हवाई दलाचं ६ क्रमांकाचं स्क्वाड्रन पुन्हा उभं राहिलं, आणि लोहगावहून ही अवजड विमानं अरबी समुद्रावर टेहळणीला जात राहिली. १९६८ मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा जगात इतरत्र लिबरेटर जवळजवळ नामशेष झाली होती. लंडनच्या हवाई दल संग्रहालयातलं लिबरेटर भारताने दिलेलं आहे. अमेरिकेत १९८९ पासून अनेक वर्षं लोकांना दाखवत हिंडलेलं लिबरेटरही मूळ आपल्या हवाई दलातलंच. भंगारातून ती विमानं उठवणारे हात भारतीय होते. जगभरच्या जाणकारांना हे माहीत आहे. पुण्यात किती जणांना आहे?

आपल्याकडे उडणारी स्मृती अगदीच नाही असं नाही. ८ ऑक्टोबरच्या हवाई दल दिनाच्या निमित्ताने अलीकडच्या काळात टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डाकोटा ही जुनी विमानं दिल्लीजवळच्या हिंडन तळाच्या आकाशात दिसली आहेत. यांतलं डाकोटा खास. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांचे वडील हवाई दलात डाकोटा उडवत. मुलाने आयर्लंडमध्ये मोडीत निघालेलं एक डाकोटा विकत घेतलं, इंग्लंडात दुरुस्त करवलं आणि हवाई दलाला देऊ केलं. आधी ही भेट नाकारली गेली. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाल्यावर ती स्वीकारली गेली. एप्रिल २०१८ मध्ये ते कॉव्हेंट्रीहून निघालं आणि मजल दरमजल करत युरोप आणि आखाती देशांवरून भारतात आलं. त्याचं नाव परशुराम, अंगावरचा क्रमांक व्हीपी-९०५. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला कर्तव्यपथावरून दोन डॉर्नियर विमानांच्या पुढे हेच डाकोटा गेलं. रचनेचं नाव होतं ‘टांगाइल’. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाइलजवळ आपल्या छत्रीधारी सैनिकांनी उड्या घेतल्या, त्या मोहिमेत डाकोटाही होती.

नागपूरकरांना डाकोटा वेगळ्या कारणाने आठवत असेल. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून टपाल घेऊन निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. युद्धासाठी बांधलेलं विमान आपल्या घरी पत्रं पोहोचवू लागलं.

पण बघा, टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही शिकाऊ विमानं, डाकोटा मालवाहू. ब्रह्मदेशात भारतीय वैमानिक जे उडवत लढले ते हरिकेन, ते स्पिटफायर, आज भारताच्या आकाशात नाही. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात वापिती आहे, लायसँडर आहे, हरिकेन, स्पिटफायर, लिबरेटर आहे. जगातल्या कुठल्याही संग्रहालयाला हेवा वाटावा असा हा संच. यांतलं एक, निदान एक, उडतं करावं. टायगर मॉथ आणि डाकोटाच्या वेळी दुरुस्तीसाठी इंग्लंड गाठावं लागलं. या खेपेला बंगळूर, नाशिक, कानपूर इथल्या आपल्याच कारागिरांच्या हाती सूत्रं द्यावीत, आणि आयटीआयची मुलं त्यांच्या हाताखाली ठेवावीत. लिबरेटर ज्यांनी उभी केली त्यांच्या देशाला हे अशक्य नाही.

इंग्लंडात मिरवणारा भारतीय वैमानिक आता पुतळ्याच्या रूपात आहे: १९४० मध्ये ब्रिटनला गेलेल्या २४ भारतीय वैमानिकांपैकी महिंदर सिंग पुजी, पगडी घालून हरिकेन उडवणारे, ग्रेव्हसेंडला त्यांचा पुतळा २०१४ मध्ये बसवला गेला. त्याच युद्धात हजारो भारतीय फिटर, रिगर, आर्मरर ब्रह्मदेशच्या चिखलात विमानं उभी ठेवत होते. त्यांचे पुतळे नाहीत, बहुतेकांची नावंही कुठे छापलेली नाहीत.

विमान पुन्हा उभं करताना सगळ्यात आधी काय शोधतात, तर कागद. उड्डाणाची वही, दुरुस्तीची नोंद, एखाद्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक, मागे विमानाचं शेपूट दिसणारा फोटो. महाराष्ट्रात आणि गोव्यात अशी घरं आहेत जिथे आजोबा-पणजोबा त्या काळात हवाई दलात होते. वाचकहो, तुमच्या घरात माळ्यावर त्यांची ट्रंक असेल तर दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याला देऊ नका. वह्या आणि फोटो स्कॅन करा, फोटोमागे नावं आणि गाव लिहा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून तारखा घाला, आणि एक प्रत पालमच्या संग्रहालयाकडे पाठवा.